तीन तासांतला एक तास पावसाचा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचा विषय निघाला की घरातून पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पण तिथे सारखा पाऊस असतो ना?' असतो. केरी, क्लेअर, गॉलवे या अटलांटिकला तोंड देऊन बसलेल्या परगण्यांच्या काही भागांत वर्षाचे सुमारे २२५ दिवस मिलिमीटरभर तरी पाऊस होतोच. केरीच्या टोकाला असलेल्या व्हॅलेंशिया वेधशाळेची वार्षिक सरासरी साधारण १५५० मिलिमीटर. मुंबईत जून ते सप्टेंबर एवढ्यातच २००० मिलिमीटरच्या वर पडतो, तेव्हा आकडा ऐकून आपण घाबरावं असं काही नाही. फरक वाटपात आहे. आपला पाऊस चार महिन्यांत येऊन, घर धुऊन, हिशेब चुकता करून जातो. तिथला पाऊस बारा महिने पगारी नोकरीला आहे.

तिथल्या पावसाचा जोरही वेगळा. बहुतेक वेळा तासाला एक-दोन मिलिमीटर. आपल्या भाषेत ही भुरभुर झाली, फार तर रिपरिप. स्थानिक लोक अशा दिवसाला 'सॉफ्ट डे' म्हणतात आणि ते तक्रारीच्या सुरात नाही. 'लॅशिंग', म्हणजे मुसळधार, हा शब्द कानावर आला की मात्र घरात थांबावं. आयर्लंडचं हवामान खातं, मेट एअरन, एक गोष्ट आवर्जून सांगतं: दर तासाच्या नोंदी पाहिल्या तर तीनपैकी दोन तासांत मोजण्याएवढाही पाऊस नसतो. म्हणजे दिवस ओला असतो, पण तासांतले बरेचसे कोरडे असतात. सहल आखताना नेमकं हेच निसटतं. आपण मंगळवारी कडे, बुधवारी बेट, गुरुवारी राजवाडा अशी वारांची यादी करतो आणि मंगळवारी सकाळी खिडकीबाहेर पाहून हिरमुसतो. तिथे वार आखून चालत नाही, तास आखावे लागतात.

त्यासाठी आधी हातात तास हवेत. मे आणि जून याच कारणाने सोयीचे. एप्रिल ते जून हा वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ, डिसेंबर-जानेवारी सर्वांत ओले. शाळेची उन्हाळी सुट्टी नेमकी या कोरड्या खिडकीत पडते, हे आपलं नशीबच. शिवाय जूनच्या मध्यावर केरीत सूर्य पहाटे सव्वापाचला उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सतरा तासांचा उजेड असेल तर मधले पाच तास पावसाला देऊन टाकायला काय जातं? नोव्हेंबरात मात्र हा उदारपणा परवडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंजेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा लागतो. 'ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम'चा शिक्का असलेला व्हिसा मिळाला तर दोन्ही देश होतात, पण ज्या देशाने व्हिसा दिला तिथेच आधी उतरावं लागतं. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. सीमेवर नाका नाही, कोणी अडवत नाही, म्हणून गाडी सरळ पुढे नेण्याचा मोह होतो. पण या स्कीमचा व्हिसा नसेल तर कायद्याने तिथे ब्रिटनचा व्हिसा लागतोच, आणि वाटेत कुठे तपासणी झाली तर 'आम्हाला सीमा दिसलीच नाही' हे उत्तर होत नाही.

आता मुक्काम. सात रात्रींत पाच गावं करण्याचा उत्साह इथे आवरावा. दोन गावं पुरेत: दक्षिणेला किलार्नी, केनमेअर किंवा डिंगल, उत्तरेला क्लिफ्डन किंवा बरन या चुनखडकाच्या पठाराच्या आसपासचं एखादं. रोज सामान हलवायचं तर ओले कपडे वाळायला रात्र मिळत नाही, आणि ओल्या प्रदेशातल्या सहलीत खरी अडचण पाऊस ही नसतेच. अडचण असते वाळवण. चार माणसांचे चार रेनकोट, आठ मोजे, चार जोड बूट. एवढं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कोरडं हवं असतं, आणि बाहेर हवेत इतका दमटपणा की दोरीवर टाकलेलं तसंच्या तसं परत मिळतं. छताला पंखा नसतो. मे महिन्यात हीटर बहुधा बंद असतात, कारण घरमालकाच्या मते उन्हाळा लागलेला असतो.

म्हणून भाड्याचं घर निवडताना समुद्र दिसतो का याच्या आधी ड्रायर आहे का ते विचारावं. ड्रायर कंडेन्सर प्रकारचा असेल तर कपड्यांतलं पाणी त्याच्या एका ट्रेमध्ये जमतं. तो रिकामा केला नाही की यंत्र मध्येच थांबतं, आणि सगळ्यांना वाटतं बिघडलं. आयरिश घरांत आणखी एक जागा असते, तिचं नाव 'हॉट प्रेस'. जिन्याच्या वर किंवा पॅसेजमध्ये एक साधं कपाट दिसतं. उघडलं की आत गरम पाण्याची तांब्याची टाकी आणि तिच्या वर फळ्या. टाकीच्या उबेने फळ्यांवरचे कपडे वाळतात. थबथबलेले नव्हे, दमट. आधी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, वर उभं राहून पिळून घेतलेला मुलांचा स्वेटर रात्री तिथे पसरला तर सकाळी अंगात घालण्याजोगा होतो. बुटांची आतली तळवी काढून तीही तिथेच ठेवावीत आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. तासाभराने बोळे बदलायचे, ही खरी मेख आहे. पहिले बोळे पाणी पिऊन फुगतात आणि रात्रभर तसेच राहिले तर सकाळी बूट आणि कागद दोन्ही ओले.

त्याच टाकीला जोडलेलं एक बटण असतं, 'इमर्शन'. त्यावर दोन खुणा: 'सिंक' आणि 'बाथ'. सिंकवर ठेवलं तर टाकीचा वरचा भाग तेवढा तापतो, भांडी घासण्यापुरता. बाथवर ठेवलं तर पूर्ण टाकी. पहिली आंघोळ गरम, दुसरी कोमट आणि तिसऱ्याला थंड पाणी, असं झालं तर बटण सिंकवर राहिलेलं असतं. बाथवर केलेलं बटण सकाळी बाहेर पडताना बंद करायला विसरायचं नाही, आयरिश घरांत यावरून चारचौघांत टोमणे मारले जातात. काही घरांत शॉवर स्वतःच पाणी तापवतो. त्याची दोरी छतापासून लोंबत असते किंवा लाल दिव्याचा स्विच बाथरूमबाहेर असतो, तो लावल्याशिवाय पाणी येत नाही. बाथरूममध्ये दाढीच्या यंत्रापुरता एखादा सॉकेट सोडला तर प्लग नसतो, त्यामुळे बूट वाळवायला हेअर ड्रायर लावायचा तो खोलीत. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. आपले गोल पिनांचे चालत नाहीत.

घरात ड्रायर नसेल तरी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाच्या आवारात बऱ्याच ठिकाणी उघड्यावर उभी केलेली धुलाई आणि वाळवणीची मोठी यंत्रं असतात. पैसे घालायचे, कपडे कोंबायचे, शेजारच्या दुकानात चहा घेईपर्यंत काम होतं. पर्यटनाच्या पुस्तिकांत यांचा उल्लेख सहसा नसतो, पण पाचव्या दिवशी यांच्यासारखं रम्य स्थळ दुसरं नाही.

अंगावर काय घालावं, याबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगता येते: छत्री घरी ठेवा. अटलांटिकवरून येणारा पाऊस आडवा येतो आणि छत्री दुसऱ्या दिवशी काड्यांचा सांगाडा होते. जाकीट टोपीचं हवं, टोपीला आवळायची दोरी हवी, आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. कापड कितीही भारी असलं तरी पट्टी नसलेल्या शिवणीतून खांद्यावर पाणी उतरतंच. जीन्स नकोच. सुती जाड कापड एकदा भिजलं की दिवसभर पायाला थंडगार चिकटून बसतं. लहान मुलांना वरून चढवायची पावसाळी पँट आणि गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट पुरतात. बूट तिथेच घेतलेले बरे, बॅगेतली जागा वाचते. तापमान जुलैतही सरासरी पंधरा अंशांच्या आसपास, म्हणजे स्वेटर रोजचा.

बॅगेचा विषय निघालाच आहे तर. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर बाद. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला सवलत आहे. ताजी फळं आणि भाज्या रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे मे महिन्यातली आंब्यांची पेटी आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा विमानतळावरच राहील. गंमत म्हणजे केळी, अननस, खजूर आणि नारळाला ही अट लागू नाही. नारळ घेऊन आयर्लंडला कोण जाणार, तो भाग वेगळा.

शाकाहारी मंडळींनी तीन जागी सावध राहावं. भाज्यांचं सूप दिसायला निर्दोष असतं, पण त्याचं पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. 'टोस्टेड स्पेशल' या सँडविचमधलं 'स्पेशल' म्हणजे हॅम. आणि काही चिप्सच्या दुकानांत तळणीला तेल नव्हे, गायीची चरबी वापरतात. विचारलं तर लोक स्पष्ट सांगतात. विचारायचं मात्र आपण. ब्राऊन ब्रेड, लोणी आणि सूप हे पावसातलं तिथलं खरं जेवण. मुलांना पबमध्ये नेता येतं. पंधरा वर्षांखालच्यांना आईवडिलांसोबत रात्री नऊपर्यंत आणि मे ते सप्टेंबर दहापर्यंत बसू देतात. पण स्वयंपाकघर त्याआधीच बंद होतं, बऱ्याच गावांत साडेआठ-नऊला. बाहेर लख्ख उजेड असल्याने वेळेचा अंदाज चुकतो आणि साडेनऊला सगळं गाव उपाशी ठेवायला टपलेलं वाटतं.

गाडीशिवाय हा प्रदेश तासांच्या हिशेबाने पाहता येत नाही. गाडी डाव्या बाजूने चालवायची, ही मोठी सोय. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगावं लागतं, कारण त्या कमी असतात. दीडशे सेंटिमीटर उंचीपेक्षा किंवा छत्तीस किलोंपेक्षा कमी असलेल्या मुलाला उंची-वजनानुसार योग्य आसन सक्तीचं आहे आणि ते नीट बसवायची जबाबदारी चालकाची. छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर अशी दोन आसनं लावली की मधे आजी बसू शकत नाही. हे विमानतळावर कळतं, तेव्हा मोठी गाडी शिल्लक नसते. डब्लिनला उतरून पश्चिमेकडे निघालं की वर्तुळाकार एम ५० रस्त्यावर टोल लागतो, पण नाका नसतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत पैसे भरायचे असतात. भाड्याच्या गाडीचा टोल कंपनी परस्पर भरते का, हे किल्ली घेतानाच विचारून टाकावं. रात्रभर विमानात जागून लगेच तीनशे किलोमीटर किलार्नीपर्यंत गाडी हाकणं मात्र शुद्ध वेडेपणा. पहिली रात्र विमानतळाजवळच.

गावाबाहेर गेलं की रस्ता अरुंद होत होत शेवटी 'बोरीन' होतो: दोन्हीकडे दगडी बांध किंवा फुलांचं कुंपण, मधोमध गवताची पट्टी, आणि समोरून ट्रॅक्टर. अशा वेळी ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. जाताना समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तो नमस्कार असतो, आपणही बोट उचलायचं. नुकसान होतं ते डावीकडच्या आरशाचं आणि टायरचं, कारण नवखा माणूस समोरच्याला घाबरून डावीकडे दबतो आणि कुंपणातला दगड फुलांमागे दिसत नाही. विम्यात टायर आणि काच बहुधा धरलेली नसते, ते वाचून घ्यावं. फेब्रुवारी २०२५पासून अशा स्थानिक रस्त्यांची कमाल मर्यादा ८०वरून ६० किलोमीटर केली आहे. प्रत्यक्षात चाळीससुद्धा जास्त वाटते. फोनवरचा नकाशा जितका वेळ दाखवेल त्यात तिसरा हिस्सा मिळवावा. खेड्यातल्या घरांना नंबर नसतो, गल्लीला नाव नसतं. पण प्रत्येक पत्त्याला स्वतःचा अक्षरं आणि अंक मिळून सात खुणांचा 'एअरकोड' असतो. तो घरमालकाकडून घेऊन नकाशात टाकला की गाडी थेट दारात.

पश्चिमेच्या काही भागांत, डिंगलच्या टोकाला आणि गॉलवेतल्या कॉनेमारात, आयरिश ही घरातली भाषा आहे आणि पाट्याही आयरिशमध्येच. वळणावर 'गो मॉल' लिहिलेलं असेल तर ते बाजाराचं आमंत्रण नाही, 'हळू चालवा' आहे. स्वच्छतागृहाच्या दारावर इंग्रजी 'एम' अक्षराने सुरू होणारा शब्द पाहून पुरुष आत घुसतात. तो शब्द 'म्नॉ', म्हणजे बायका. पुरुषांचा तो 'फिर'.

रिंग ऑफ केरी हा १७९ किलोमीटरचा प्रसिद्ध फेरा. पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या तो किलार्नीहून किलॉर्गलिनच्या बाजूने, घड्याळाच्या उलट दिशेने करतात. त्यांच्या मागे अडकायचं नसेल तर सकाळी आठच्या आधी त्याच दिशेने निघावं. उलट दिशेने गेलात तर मागे अडकत नाही, पण अरुंद वळणावर बस समोर उभी राहते. पश्चिम टोकाचा स्केलिग रिंग हा छोटा फाटा बसना झेपत नाही, म्हणून तो शांत, आणि संपूर्ण फेऱ्यापेक्षा तोच जास्त देखणा. डिंगलजवळचा स्ली हेडचा फेरा मात्र घड्याळाच्या दिशेने. केरीतून क्लेअरला जाताना लिमरिकला वळसा न घालता टारबर्ट ते किलिमर ही गाड्या नेणारी फेरीबोट घ्यावी. वीस मिनिटांत शॅनन नदीचं मुख ओलांडता येतं आणि सव्वाशेहून जास्त किलोमीटर वाचतात.

तास ओळखायचे कसे? मेट एअरनच्या ॲपवर रडारचं चित्र असतं. सकाळच्या चहाबरोबर ते पाहावं, दिवसभराचं चिन्ह पाहू नये. ढग आणि खाली थेंब हे चिन्ह तिथे जवळजवळ रोज असतं, त्यातून काही कळत नाही. वारा बहुधा नैऋत्येचा. ढग डोंगरावर चढताना पाणी टाकतात, त्यामुळे डोंगराची समुद्राकडची बाजू ओली आणि पलीकडची पुष्कळदा कोरडी. सह्याद्रीच्या माथ्यावरून देशाकडे उतरताना जे दिसतं तेच, फक्त लहान मापात. चाळीस मिनिटांत आपण पावसातून उन्हात जाऊ शकतो. क्लेअरमधले मोहरचे समुद्रकडे, सर्वांत उंच जागी २१४ मीटर, ढगात बुडाले तर समोर पांढरी भिंत दिसते. अशा वेळी रेटून उभं राहण्यापेक्षा आयलवीच्या गुहेत जावं. गुहेला पाऊस कळत नाही. बरनचा चुनखडक मात्र ओला झाला की साबणासारखा, मुलांना भेगांवरून उड्या मारू देऊ नये.

काही जागा तर पावसातच पाहाव्यात. किलार्नीचं राष्ट्रीय उद्यान, आयर्लंडमधलं पहिलं, १९३२ सालचं. तिथल्या जुन्या ओकच्या रानात खोडांवर, दगडांवर, पडक्या भिंतींवर शेवाळाचा जाड थर चढलेला असतो, आणि भुरभुर सुरू असताना तो आतून उजळल्यासारखा दिसतो. टॉर्कचा धबधबाही पावसानंतरच धबधबा म्हणवून घेण्याजोगा होतो. जूनच्या सुरुवातीला रानात गुलाबी-जांभळे फुललेले ऱ्होडोडेंड्रॉन पाहून सगळे फोटो काढतात. ती वनस्पती बाहेरून आणलेली, तिच्या दाट सावलीत ओकची रोपं उगवत नाहीत, आणि ती उपटून काढण्यात उद्यानाची वर्षानुवर्षं चालली आहेत. रस्त्याकडेच्या कुंपणांतली लाल फ्यूशियासुद्धा दक्षिण अमेरिकेची. एवढ्या हिरव्या देशात रान मात्र फार थोडं उरलं आहे. डोळ्यांना जो हिरवा दिसतो तो बहुतेक गवत आहे, मेंढ्या-गायींसाठी राखलेलं.

समुद्राचं गणित पावसाशी जुळत नाही, आणि इथे लोक हमखास फसतात. स्केलिग मायकल हे किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवरचं खडकाचं बेट. तिथे प्राचीन ख्रिस्ती भिक्षूंच्या दगडी झोपड्या आहेत, वर जायला कठडा नसलेल्या ६१८ पायऱ्या, आणि दिवसाला साधारण १८० माणसांनाच उतरू देतात. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचाच काळ, बहुतेक नावा पोर्टमगीहून. महिनोन्महिने आधी जागा धरूनही लख्ख उन्हात फेरी रद्द होते. कारण लांब समुद्रात दोन दिवसांपूर्वी झालेल्या वादळाची लाट आज पोहोचलेली असते, आणि ती वरखाली होत असताना नावेतून पायरीवर पाऊल टाकणं शक्य नसतं. निर्णय नावाड्याचा आणि सकाळचा. म्हणून हे बेट मुक्कामाच्या पहिल्या दिवसांत धरावं, पुढचे दिवस राखीव राहतात. लहान मुलं बरोबर असतील तर बेटाला नुसती प्रदक्षिणा घालणारी नाव बरी.

कॉनेमारात क्लॅडाडफजवळ ओमी नावाचं बेट आहे, तिथे ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. वाटेवर खांब रोवलेले आहेत, त्यांच्या रेषेतच चालायचं. ओहोटी पूर्ण लागायच्या आधी निघून ती फिरताच परतलेलं बरं. पाणी समोरून येत नाही, बाजूच्या चरांतून मागे भरतं, आणि गाडी वाळूत ठेवून गेलेल्यांच्या ते उशिरा लक्षात येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वेगाने भरतं, अष्टमीच्या भांगाला जरा सावकाश. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पोहायचं म्हटलं तर मेमध्ये पाणी बारा अंशांच्या आसपास असतं, आणि बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. ते साधारण जूनच्या शनिवार-रविवारी आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोज. तोवर गुडघ्यापर्यंतच.

गाडीची काच आतून धुरकट होते, कारण चार ओली जाकिटं आत वाफ सोडत असतात. गरम हवा आणि एसी दोन्ही एकदम लावायचे, आतली हवा फिरवणारं बटण बंद ठेवायचं. ओले बूट डिकीत प्लास्टिकच्या टबात. टब स्वस्तात मिळतो आणि सहलीतली ती सर्वांत उपयोगी खरेदी ठरते.

आणि जेवणानंतरचे तास विसरू नयेत. दुपार पावसात गेली तरी रात्री आठला बऱ्याचदा पश्चिमेकडून ढग फाटतात आणि दहापर्यंत तिरपं ऊन राहतं. किनाऱ्यावर तेव्हा कुणी नसतं. मुलांना झोपेची वेळ झाली म्हणून घरात कोंडू नये, नाहीतरी त्या उजेडात ती झोपणार नाहीत. एकच अडचण. दिवसभर ज्याला शिव्या घातल्या तो वारा याच वेळी पडतो, आणि दमट, निवांत हवेत 'मिज' नावाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या माश्या थव्याने येतात. डास परवडला, हा किडा केसांत, कानांत, बाहीच्या आत शिरून चावतो. थोडीशी झुळूक असली तरी त्यांना उडता येत नाही. त्यामुळे झाडांच्या आडोशाची छान जागा सोडून सगळं कुटुंब उघड्या खडकावर जाऊन उभं राहतं, आणि कुणीतरी टोपी काढून वारा सुटलाय का ते पाहतं.